पाळी जाण्याचा काळ व घरधन्याचें कर्तव्य

आपल्या सोसायटीच्या या मासिकांत खतें, बियाणें, फवारणी आणि बाजारभाव यांविषयींचे लेख वाचण्याची संवय असलेल्या शेतकरी बंधूंस प्रस्तुत लेखाचा मथळा पाहून थोडें चमकल्यासारखें होईल. कांहीं जण पान उलटतील, आणि कांहीं जण सुनांच्या दृष्टीस पडूं नये म्हणून अंक घडी करून फळीवर ठेवतील. तसें करण्यापूर्वीं त्यांनीं थोडें ऐकून घ्यावें अशी विनंति आहे. प्रस्तुत लेखक वैद्य नाहीं. त्याचें शिक्षणहि बेताचेंच. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत त्याची हयात गेली. जमीन हा ज्या मासिकाचा जीव आहे, त्यांत हा विषय कां यावा, हें त्यास वैद्यकाच्या ग्रंथांतून नव्हे, तर वाटणीच्या अर्जांतून कळलें.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 85 खालीं एकत्र खात्याच्या वाटणीचे अर्ज तहसील कचेरींत येतात. अर्जांत खरें कारण कोणी लिहीत नाहीं. ‘सोयीकरितां’ एवढेंच लिहितात. परंतु कारकुनाच्या टेबलासमोर तासभर बसलेला मनुष्य शेवटीं खरें बोलतो. असेंच एक प्रकरण निफाड तालुक्यांतील एका गांवचें होतें. तीन भाऊ, चौदा एकर बागाईत, एक विहीर. बाप वारलेला, आणि घर आई एका हातानें हांकीत असे. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिच्या शब्दाबाहेर कोणी गेलें नव्हतें. पुढें दोन वर्षांत तिचा स्वभाव असा पालटला कीं, सुना माहेरीं जाऊन बसल्या, धाकट्यानें चूल वेगळी मांडली, आणि अखेर तिघेहि माझ्यापुढें उभे राहिले. वाटणी झाली. विहिरीच्या पाण्याचे वार ठरले आणि त्या वारांवरून पुढें तंटेहि झाले. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा मधोमध तोडाव्या लागल्या.

सहा-सात वर्षांनीं ती बाई मला लासलगांवच्या स्टँडवर भेटली. प्रकृति चांगली, बोलणें शांत. मला ओळखून म्हणाली, “भाऊसाहेब, तव्हां मला काय झालं होतं ते माझं मलाच उमजत नव्हतं. अंगाची नुसती लाही व्हायची, रात-रात डोळा लागायचा नाही, अन् सुना समोर आल्या की तोंडाला येईल ते बोलायचे. पाळी गेली अन् दोन-तीन वर्षांनी आपसूक उतरलं. पण जमीन काही परत जोडली नाही.”

तेव्हां मला त्या बोलण्याचें महत्त्व समजलें नाहीं. तें समजण्यास स्वतःच्या घरीं तोच प्रसंग यावा लागला. तो सांगण्यापूर्वीं हा प्रकार काय आहे तें थोडक्यांत सांगतों.

सतत बारा महिने पाळी आली नाहीं म्हणजे रजोनिवृत्ति झाली असें वैद्य म्हणतात. आपल्या देशांत ही गोष्ट साधारणतः 46-47 व्या वर्षीं घडते. पाश्चात्य देशांत 51 च्या सुमारास. परंतु खरा त्रास पुष्कळदां त्या दिवसापूर्वीं दोन-चार वर्षें सुरू होतो, जेव्हां पाळी कधीं पंधरा दिवसांनीं तर कधीं तीन महिन्यांनीं येऊं लागते. स्त्रीच्या बीजकोशांतून निघणारीं संप्रेरकें या काळांत कमी होत जातात. नाशिक जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारास ही गोष्ट समजावून सांगण्यास फार प्रयास पडूं नयेत. शंभर लिटर पाण्यांत एक ग्रॅम जीए, म्हणजे दहा पीपीएम, एवढ्या संजीवकानें घडाची पाकळी लांबते हें तो दरसाल पाहतो, आणि मात्रा थोडी चुकली तर काय होतें हेंहि तो जाणतो. स्त्रीच्या रक्तांतील इस्ट्रोजन तर पिकोग्रॅमांत मोजतात, म्हणजे एका ग्रॅमाचा लक्ष कोटीवा भाग. एवढ्या सूक्ष्म द्रव्यावर हाडें, त्वचा, हृदय आणि मेंदु हीं सर्व अवलंबून असतात.

तें द्रव्य उतारावरील पाण्यासारखें एकसारखें कमी झालें असतें तर शरीरानें कदाचित् जुळवून घेतलें असतें. परंतु तें तसें उतरत नाहीं. एका महिन्यांत तें नेहमींपेक्षां वर चढतें, दुसऱ्या महिन्यांत एकदम खालीं येतें. कालव्याचें आवर्तन वेळेवर न येतां कधीं बाग कोरडी राहिली आणि कधीं एकदम भरपूर पाणी बसलें, म्हणजे मणी तडकतात हें आपण जाणतोंच. कमी पाण्याची वेलीस संवय होते. अवेळीं पाण्याची होत नाहीं. मेंदूचेंहि या काळांत तसेंच कांहींसें होतें. अंगांतून एकाएकी वाफा निघतात, दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते. रात्रीं हें चार-सहा वेळां झालें म्हणजे झोंप मोडते, आणि झोंप मोडलेला मनुष्य चिडतो, विसरतो, रडतो. यांत आश्चर्य तें कोणतें? कांदे भरतांना दोन रात्रीं जागलेला पुरुष तिसऱ्या दिवशीं घरांत कसा वागतो तें त्याच्या बायकोस विचारावें.

सर्वच स्त्रियांस असा त्रास होतो असें मात्र नाहीं. पुष्कळ जणींचा हा काळ विशेष जाचावांचून निघून जातो. ज्यांस पूर्वीं बाळंतपणानंतर किंवा अन्य वेळीं खिन्नतेचा विकार झालेला असतो, ज्यांची झोंप फार मोडते, किंवा ज्यांच्यावर याच वेळीं दुसरें दुःख येऊन पडतें, त्यांस तो अधिक होतो. आणि आमच्या घरांत हें दुसरें दुःख नेमकें याच वेळीं येतें. मुलगी सासरीं गेलेली असते. सून घरांत आलेली असते व चुलीचा अधिकार हळूहळू हातांतून जात असतो. सासू-सासरे अंथरुणास खिळलेले असतात. सोसायटीचें कर्ज थकलेलें असतें. बाई रडूं लागली कीं शेजारीपाजारी यांतील एखादें कारण उचलतात आणि निकाल देतात: सुनेचा राग आला, हट्टी झाली, बाहेरचें लागलें.

आतां स्वतःची गोष्ट. 2022 सालच्या दिवाळीच्या सुमारास, फळछाटणीचीं कामें चालूं असतांना, माझ्या पत्नीस हा त्रास सुरू झाला. तिचें वय तेव्हां एकूणपन्नास. मी नोकरींत होतों. दिंडोरी तालुक्यांतील आमची तीन एकर बाग तिच्याच देखरेखीखालीं असे. मजुरांची हजेरी तिनें कधीं कागदावर मांडली नाहीं आणि कधीं चुकलीहि नाहीं. त्या वर्षीं ती चुकूं लागली. एका मजूर बाईची दोन दिवसांची मजुरी विसरली, आणि ती बाई मागावयास आली तेव्हां तिच्यावर ओरडून मग आंत जाऊन तासभर रडली. रात्रीं दोन वाजतां मी उठून पाहावें तों ही ओट्यावर थंडींत पदर सोडून वारा घेत बसलेली.

मीं काय केलें तें लपविण्यांत अर्थ नाहीं. प्रथम रागावलों. नंतर उपदेश केला: देवाचें नांव घे, मन रमव, तुला काय कमी आहे? ‘तुला काय कमी आहे’ या प्रश्नानें ती अधिकच गप्प झाली. तिच्या भावानें तिला एका भगताकडे नेलें, अंगारा आला. त्यानंतर एका खासगी दवाखान्यांत गेलों, तेथें पांच मिनिटांत सांगण्यांत आलें कीं गर्भपिशवी काढून टाका म्हणजे सगळी कटकट मिटेल. तारीख ठरली. पैसे कांद्यावर यावयाचे होते. 2023 च्या फेब्रुवारींत कांद्याचे भाव कोसळले आणि शस्त्रक्रियेची रक्कम उभी राहिली नाहीं. कांद्याच्या मंदीचे आभार मानणारा शेतकरी माझ्यावांचून दुसरा सांपडेलसें वाटत नाहीं.

त्याच दिवसांत गांवच्या आशाताईनें 14416 हा टेलिफोन नंबर दिला. केंद्र सरकारनें 10 ऑक्टोबर 2022 रोजीं सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा तो नंबर. बोलण्यास पैसा पडत नाहीं, रात्रंदिवस चालूं असतो, आणि मराठींत बोलतां येतें. नंबर मींच लावला. माझ्या मनांत बायकोचें गाऱ्हाणें सांगावयाचें होतें. पलीकडील बाईनें तें दोन मिनिटें ऐकलें आणि म्हणाली, “काका, ताई जवळ असतील तर त्यांनाच फोन द्या.” पत्नी फोन घेऊन कांद्याच्या चाळीकडे गेली ती पाऊण तासानें परत आली. डोळे सुजलेले, पण त्या रात्रीं ती जेवली.

तिनें त्या अनोळखी बाईस सांगितलें होतें कीं, जगणें नकोसें झालें आहे. अठ्ठावीस वर्षें एका छपराखालीं राहून तें तिनें मला सांगितलें नव्हतें. कां सांगितलें नाहींस, असें मीं पुढें विचारलें तेव्हां तिचें उत्तर एवढेंच होतें: “अहो, तुम्ही विचारलंच कुठं? तुम्ही सांगतच होतात.”

तिकडून सांगितल्याप्रमाणें आम्ही सरकारी रुग्णालयांत गेलों. तेथें प्रथम रक्त तपासलें. हिमोग्लोबिन आठ निघालें आणि थायरॉइडचाहि थोडा दोष निघाला. ही गोष्ट मुद्दाम लिहितों. कारण थायरॉइडचा विकार व पंडुरोग या दोहोंनींहि मनुष्य खिन्न आणि थकलेला होतो, आणि सर्व दोष वयावर ढकलला तर ते तसेच राहतात. औषधें सुरू झालीं. त्यांबरोबर समुपदेशकाकडे पंधरा-पंधरा दिवसांनीं सहा बैठकी झाल्या.

समुपदेशन म्हणजे समजूत घालणें असा माझा ग्रह होता, व पुष्कळ वाचकांचाहि असेल. समजूत घालणारा स्वतः बोलतो. समुपदेशक मुख्यतः ऐकतो व विचारतो. कोणत्या वेळीं वाफ येते, त्या क्षणीं मनांत काय येतें, त्यानंतर काय करितां, असें तो एकेक उलगडून घेतो. माझ्या पत्नीच्या बाबतींत असें निघालें कीं, चारचौघांत घाम सुटला म्हणजे ‘सगळे माझ्याकडे पाहताहेत, मला वेड लागत आहे’ असें तिच्या मनांत येई. त्या भयानें छाती आणखी धडधडे, आणि वाफ दुप्पट होई. म्हणून तिनें हळदीकुंकवास जाणें सोडलें होतें, आणि घरीं एकटें बसून तेच विचार वाढत होते. तिला सांगण्यांत आलें कीं, वाफ येतांच हातांतील काम थांबवून पोटानें सावकाश श्वास घ्यावा व मनाशीं म्हणावें, ही वाफ आहे, थोड्या वेळांत जाईल. दुपारनंतर चहा बंद. रात्रीं झोंप न लागल्यास अंथरुणांत तळमळत न पडतां उठून बसावें. आणि दर आठवड्यास, आवडत होतें पण सोडून दिलें आहे असें एक काम पुन्हा करावें. तिनें गोधड्या शिवणें निवडलें. ऐकावयास या गोष्टी क्षुल्लक वाटतात; मलाहि वाटल्या. परंतु विचार व वर्तन यांवर आधारलेली हीच पद्धति इंग्लंडांतील नाइस या आरोग्यविषयक संस्थेनें 2015 सालच्या आपल्या मार्गदर्शनांत रजोनिवृत्तीच्या काळांतील खिन्नतेकरितां सुचविली आहे.

गुण एकदम आला नाहीं. तिसऱ्या बैठकीनंतर ती पुन्हा आठ दिवस कोणाशीं बोलली नाहीं, आणि मीं मनांतल्या मनांत सर्व खटाटोप फुकट गेला असें ठरविलें होतें. पूर्ण वर्ष गेलें. आजहि एखादा दिवस वाईट येतो. परंतु आज तो वाईट दिवस असतो; तेव्हां तें वाईट आयुष्य वाटत होतें.

कोणी म्हणेल, एका घरच्या अनुभवावरून काय सिद्ध होतें? ही शंका रास्त आहे. गोव्यांत संगाथ या संस्थेनें 24 प्राथमिक आरोग्यकेंद्रें व दवाखाने घेऊन एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 2010 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आला. डॉक्टर नसलेल्या, परंतु थोडें शिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनीं खिन्नता व चिंता यांनीं ग्रासलेल्या लोकांस धीर देऊन औषधोपचारास जोडून दिलें. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनीं बरे झालेल्यांचें प्रमाण शेंकडा 66 च्या जवळपास आलें. जेथें असे समुपदेशक नव्हते तेथें तें 42-43 होतें. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. हा प्रयोग केवळ रजोनिवृत्तीच्या स्त्रियांपुरता नव्हता. तथापि साध्या माणसास ऐकण्याची विद्या शिकवितां येते व तिचा उपयोग होतो, एवढें त्यावरून दिसतें.

आपल्याच राज्यांत अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ नांवाचा कार्यक्रम झाला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं पोळलेला तो प्रदेश. तेथें खिन्नतेनें आजारी असलेल्यांपैकीं मदत घेणारांचें प्रमाण आरंभीं शेंकडा 4.3 होतें, तें दीड वर्षांत 27.2 झालें असें 2017 सालीं प्रसिद्ध झालें. मदत दारापर्यंत आली तर शेतकरी ती नाकारीत नाहीं, असा त्याचा अर्थ मी घेतों.

गर्भपिशवी काढण्याविषयीं थोडें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. 2019 सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची पाहणी सरकारी समितीनें केली, तेव्हां सुमारें 82 हजार स्त्रियांपैकीं 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळें खाडा पडूं नये, खाड्याचा दंड बसूं नये, हें त्यामागील एक कारण म्हणून पुढें आलें. पिशवीबरोबर बीजकोशहि काढले तर जो पालट निसर्ग चार वर्षांत करतो तो एका दिवसांत होतो. मनास व हाडांस तयारीची सवडच मिळत नाहीं. बीजकोश ठेवले तरीहि निवृत्ति लवकर येण्याचा संभव असतो. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव किंवा मोठ्या गांठी असतील तर शस्त्रक्रिया करावीच लागते, त्याबद्दल वाद नाहीं. परंतु चिडचिड व रडें यांवर पिशवी काढणें हा उपाय नव्हे, आणि दुसऱ्या डॉक्टरचें मत घेतल्याखेरीज कोणीहि आपल्या घरांतील स्त्रीस त्या टेबलावर चढवूं नये. तसेंच निवृत्ति पूर्ण झाल्यावर, बारा महिन्यांनंतर, पुन्हा रक्त दिसलें तर तें दुर्लक्षूं नये. त्याच आठवड्यांत दाखवावें.

2026 च्या संक्रांतीच्या दिवशीं, म्हणजे 14 जानेवारीस, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागानें सरकारी रुग्णालयांतून रजोनिवृत्तीकरितां स्वतंत्र क्लिनिकें सुरू केलीं. आरोग्य राज्यमंत्री मेघना साकोरे-बोर्डीकर यांचा त्यांत पुढाकार होता. शरीराची तपासणी, हाडें, हृदय व संप्रेरकें यांची चाचणी, औषधें आणि मानसिक समुपदेशन हीं एकाच ठिकाणीं मिळावीत असा त्यांचा हेतु आहे. आपणांपैकीं ज्यांस जाणें असेल त्यांनीं नाशिकच्या सिव्हिलमध्यें किंवा आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत वार व वेळ आधीं विचारून घ्यावी. गांवची आशा किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरांतील परिचारिका हें सांगूं शकते. योजना चांगली आहे. तथापि कचेरींत आयुष्य काढल्यामुळें मला इतकें ठाऊक आहे कीं, पाटी लागणें आणि काम होणें यांत अंतर असतें. सुरगाणा-पेठकडील स्त्रीस नाशिकास येऊन जाणें म्हणजे एका दिवसाची मजुरी, एस्. टी. चें भाडें, आणि ‘कुठं चाललीस’ या प्रश्नाचें उत्तर. तिसरी अडचण सरकार दूर करूं शकत नाहीं; ती घरधन्यानेंच दूर करावयाची आहे.

1986 च्या नोव्हेंबरांत चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें, तेव्हां लाखोंच्या संख्येनें बाया जमल्या होत्या. तेव्हांच्या तरुण सुना आज साठीच्या पलीकडे आहेत; हा काळ त्यांच्या अंगावरून केव्हांच निघून गेला. तो कसा गेला, हें त्यांच्या घरच्यांनीं त्यांस एकदां विचारून पाहावें. आतां त्यांच्या सुनांची पाळी आहे.

लेख छापण्यास देण्यापूर्वीं मीं तो पत्नीस वाचून दाखविला, कारण तो तिच्याच अनुमतीनें छापावयाचा होता. तिनें दोन वाक्यें खोडावयास लाविलीं. तीं खोडलीं आहेत. आणि एक गोष्ट घालावयास सांगितली. बाईस समुपदेशकाकडे नेणाऱ्या पुरुषानें तिच्याबरोबर जावें, केसपेपर काढून द्यावा, आणि तिचें नांव पुकारलें म्हणजे बाहेरच्या बाकावर बसून राहावें. आंत जाऊं नये, आणि बाहेर आल्यावर काय बोललीस असें विचारूं नये. सांगावयाचें असेल तर वाटेंत ती आपण होऊन सांगते.